मातृभाषेच्या रकान्यात अहिराणी सांगू की मराठी?

गिरणाकाठचा: मूळ गाव चाळीसगावकडे, आता पुण्यात. जनगणना येतेय म्हणून घरात वाद सुरू झालाय. आई आमच्याशी कायम अहिराणीतच बोलली, शाळा मराठीत, बायको कोल्हापूरची आणि पोरं अर्धी इंग्लिश अर्धी मराठी. भाऊ म्हणतो मराठीच सांग, नाहीतर मराठीचा आकडा कमी होईल. नेमकं काय सांगायचं?

चहा_बिस्कीट: मराठी सांगा ना भाऊ, अहिराणी म्हणजे शेवटी मराठीची बोलीच. 2011 ला आपण तेलुगूला मागे टाकून तिसऱ्या नंबरवर आलो, ते घालवायचंय का?

प्रगणक_मास्तर: 2011 ला मी प्रगणक होतो, शाळेतल्या मास्तरला हे काम चुकतच नाही. तेव्हाची सूचना साधी होती, लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची ती मातृभाषा, आणि आई तान्हेपणीच गेली असेल तर घरात तेव्हा जी मुख्य भाषा होती ती. समोरचा सांगेल ते लिहायचं, ही भाषा की बोली असला वाद प्रगणकाने घालायचाच नाही. म्हणजे तुमची अहिराणी, पोरांची मराठी, एका घरात दोन चालतात. शिवाय येत असलेल्या आणखी दोन भाषांचा वेगळा रकाना होता, मराठी तिथे येतेच. आणि घाई नको, आधी घरयादी, धर्म मातृभाषा वगैरे माणसागणिक प्रश्न दुसऱ्या टप्प्यात, फेब्रुवारी 2027 मध्ये.

आकडेमोड: @चहा_बिस्कीट, अहिराणी मराठीत धरतच नाहीत ओ. जनगणनेत ती 'खान्देशी' या वेगळ्या भाषेखाली जाते. 2011 ला मराठी 8.30 कोटी, तेलुगू 8.11 कोटी, आणि खान्देशी साधारण 18.6 लाख बाहेर ठेवून मराठी तिसरी आली. उलट भोजपुरी सांगणारे 5 कोटी लोक हिंदीच्या बेरजेत घातलेत, म्हणून हिंदी 52 कोटींवर दिसते. लोकांनी सांगितलेली नावं 19,569 होती, छाननी होऊन 1,369 मातृभाषा उरल्या आणि त्यांच्या मोळ्या बांधून 121 भाषा. कुठली काडी कुठल्या मोळीत जाईल ते दिल्लीत ठरतं, तुमच्या हातात फक्त काडी.

तापीबाई: आणि खान्देशी 2001 ला 20 लाखांच्या वर होती बरं का! लोकसंख्या वाढली आणि बोलणारे घटले, असं होईल का? धुळ्या-जळगावात बाजारात जाऊन बघा. लोक लाजून मराठी सांगतात, दुसरं काय. भो, अहिराणीच सांग.

नागपूरकर: विषयांतर होतंय पण धर्माच्या रकान्याचंही हेच. आमच्याकडे अजून काही म्हातारी माणसं बौद्ध सांगायला कचरतात, सवलत जाईल म्हणून. अहो 1990 मध्येच कायदा बदलला, बौद्ध सांगूनही अनुसूचित जाती लागते. देशातल्या 84 लाख बौद्धांपैकी 65 लाख एकट्या महाराष्ट्रात, ते काय उगाच? यावेळी जातही सगळ्यांची विचारणारेत, 1931 नंतर पहिल्यांदा, त्यामुळे अफवांना ऊत येणार.

गिरणाकाठचा: मास्तर, घरी नसलो आणि बायकोनेच सगळ्यांचं सांगून टाकलं तर?

प्रगणक_मास्तर: तर ती सांगेल तेच लागणार. यावेळी मोबाईलवरून स्वतः माहिती भरायचीही सोय आहे, नाहीतर वहिनींना आधीच पटवून ठेवा.

तापीबाई: कोल्हापूरची शे ना, मग आतापासून सुरुवात कर 😄