आश्रयार्थींच्या निवासात एका खोलीत तिघे: आयर्लंडमधला नियम काय आहे?

विचारणा
मी डब्लिनमध्ये राहतो आणि दर शनिवारी आश्रयार्थींच्या एका निवासकेंद्रात इंग्रजी शिकवायला जातो. माझ्या वर्गातले एक गृहस्थ दोन अनोळखी माणसांसोबत एका खोलीत राहतात. त्यांपैकी एकजण रात्रपाळी करून सकाळी झोपतो, त्यामुळे खोलीत दिवसभर अंधार असतो आणि हे गृहस्थ जिन्यात बसून अभ्यास करतात. व्यवस्थापकांच्या मते खोली नियमात बसते. माणशी जागेचा नियम खरोखर काय आहे आणि दाद कोठे मागावी?

प्रतिसाद १
जानेवारी २०२१ पासून लागू असलेल्या राष्ट्रीय मानकांनुसार झोपण्याच्या खोलीत माणशी किमान ४.६५ चौरस मीटर जागा हवी. हे माप १९६६ च्या गृहनिर्माण कायद्याशी जुळते. त्या कायद्याप्रमाणे माणशी ४०० घनफुटांपेक्षा कमी मोकळी हवा असलेल्या खोलीत दाटी झाली असे मानतात आणि उंची आठ फुटांपर्यंतच मोजतात. म्हणजे पन्नास चौरस फूट. हा हिशोब श्वासापुरता आहे. झोप, अभ्यास आणि एकांत यांचा त्यात विचारच नाही, आणि माझ्या मते खरी उणीव हीच आहे.

प्रतिसाद २
केंद्र कायमस्वरूपी आहे की तातडीचे, हे आधी विचारा. ‘हिक्वा’ या तपासणी संस्थेला जानेवारी २०२४ मध्ये अधिकार मिळाले, पण ते कायमस्वरूपी केंद्रांपुरतेच. तातडीने घेतलेली हॉटेले आणि तंबू त्यांच्या कक्षेबाहेर राहिले.

प्रतिसाद ३
तक्रार आधी व्यवस्थापकांकडे लेखी करावी, नंतर निवासव्यवस्था पाहणाऱ्या सरकारी विभागाकडे आणि तरीही दाद न लागल्यास लोकपालांकडे. २०१७ पासून लोकपाल अशा केंद्रांतल्या रहिवाशांच्या तक्रारी घेतात. मात्र त्या गृहस्थांच्या संमतीशिवाय काहीही पाठवू नका. तक्रारीमुळे आश्रयाचा अर्ज अडेल ही भीती अनेकांना असते. त्या अर्जाचा निर्णय निवासव्यवस्थेचे लोक घेत नाहीत, हे त्यांना शांतपणे समजावून सांगा.

विचारणाऱ्याचे उत्तर
त्यांच्या परवानगीने आज खोली मोजली. ३.९ गुणिले ३.६ मीटर, म्हणजे माणशी ४.६८. खोली नियमात बसते.

प्रतिसाद १
मग क्षेत्रफळाचा मुद्दा सोडा आणि खोलीबदल मागा. रात्रपाळी करणाऱ्यांना एकत्र ठेवले तर जागा न वाढवताही दोघांच्या झोपेचा आणि या गृहस्थांच्या अभ्यासाचा प्रश्न सुटेल. अर्जावर त्या रात्रपाळीच्या सोबत्याचीही सही घ्या, कारण उजेडाचा त्रास त्यालाही होतच असणार.