शब्दचर्चा: 'निष्क्रिय शीतलन' म्हणावे का?

प्रश्न:
लहान उपग्रहांवरील अवरक्त (इन्फ्रारेड) कॅमेऱ्यांवर लेख लिहीत आहे. 'ॲक्टिव्ह कूलिंग' (वीज खर्चून थंड करणे) आणि 'पॅसिव्ह कूलिंग' (विजेशिवाय थंड करणे) यांना 'सक्रिय शीतलन' आणि 'निष्क्रिय शीतलन' असे लिहिले. पण 'निष्क्रिय' वाचून ती व्यवस्था काही कामच करत नाही असे वाटते. शिवाय थंड करणाऱ्या यंत्राला 'शीतक' म्हटले, तर एका वाचकाने त्याचा अर्थ 'थंड करणारा द्रव' असा घेतला. काय वापरावे?

उत्तर:
तुमच्या वाचकाचे बरोबर आहे. 'शीतक' द्रवासाठी रुळला आहे, तो तिथेच राहू द्या. १९८३ च्या आयरास या अवकाशातल्या अवरक्त दुर्बिणीत द्रवरूप हेलियम भरले होते आणि ते उडून गेल्यावर दहा महिन्यांत निरीक्षणे थांबली. तिथे 'शीतक संपला' हे वाक्य चपखल बसते. यंत्राला मी सरळ 'क्रायोकूलर' म्हणतो.

'निष्क्रिय'ने मात्र खरोखर अन्याय होतो. जेम्स वेब दुर्बिणीची बहुतेक उपकरणे केवळ सूर्यढाल आणि उष्णता बाहेर टाकणारे पृष्ठभाग यांच्या आधारावर ४० केल्विनच्या (उणे २३३ अंश सेल्सिअसच्या) आसपास राहतात. क्रायोकूलर लागतो तो ७ केल्विनखाली काम करणाऱ्या एका उपकरणाला. ४० केल्विनपर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेला निष्क्रिय कसे म्हणावे?

मला 'निचरा' आणि 'उपसा' ही जोडी सुचते. पाणी उताराने आपोआप जाते तो निचरा, शक्ती लावून वर चढवावे लागते तो उपसा. उष्णताही उष्णाकडून थंडाकडे आपण होऊन जाते, उलट न्यायची तर वीज खर्चावी लागते. इंग्रजीतही क्रायोकूलरची क्षमता 'हीट लिफ्ट'मध्ये सांगतात आणि 'लिफ्ट इरिगेशन'ला आपण 'उपसा सिंचन' म्हणतोच.

लहान उपग्रहाला उपसा का लागतो, तेही यातून समजावता येते. मध्यम तरंगलांबीच्या अनेक अवरक्त संवेदकांना ८० ते १२० केल्विन तापमान लागते. नाहीतर प्रकाश पडला नसतानाही उष्णतेमुळे संवेदकात प्रवाह वाहतो आणि त्यात चित्र बुडते. आता उपग्रहाची २० बाय ३० सेंटीमीटरची एक बाजू घ्या. बाहेर टाकली जाणारी उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने बदलते. त्यामुळे हीच बाजू ३०० केल्विनला फार तर २७.६ वॅट टाकेल, ८० केल्विनला जेमतेम ०.१४ वॅट. त्यातही खालून पृथ्वीची ऊब येत राहते. म्हणून संवेदकाची उष्णता आधी उपसून ३०० केल्विनपर्यंत चढवायची आणि तिथून तिचा निचरा करायचा. हा उपसा महागडा आहे: ८० केल्विनवरचा एक वॅट ३०० पर्यंत न्यायला आदर्श यंत्रालाही पावणेतीन वॅट लागतात, प्रत्यक्षातली छोटी यंत्रे त्याच्या कितीतरी पट घेतात.

आक्षेप:
जोडी आवडली, पण ती सगळीकडे चालणार नाही. नळ्यांतून पंपाने द्रव फिरवून उष्णता उत्सर्जक पट्ट्यांपर्यंत नेतात, त्यालाही अभियंते 'ॲक्टिव्ह'च म्हणतात, कारण पंपाला वीज लागते. उष्णता मात्र तिथे उताराच्याच दिशेने जाते. यूटा स्टेट विद्यापीठाच्या 'ॲक्टिव्ह क्रायोक्यूबसॅट' प्रकल्पात क्रायोकूलर आणि असे द्रवाचे वेटोळे, दोन्ही होते. तिथे नुसते 'उपसा' लिहिले तर अर्धी व्यवस्था निसटते.

उत्तर:
आक्षेप मान्य. मग 'सक्रिय शीतलन' हे वीज घेणाऱ्या सगळ्या व्यवस्थांचे नाव राहू द्या. द्रवाच्या वेटोळ्याला 'पंपाने केलेला निचरा' म्हणता येईल आणि 'उपसा' फक्त क्रायोकूलरसाठी ठेवावा. 'निष्क्रिय'च्या जागी मी 'विनावीज शीतलन' लिहीन. आणि लेखात 'क्रायोकूलर संवेदकाला थंडावा पुरवतो' असे वाक्य असेल तर तेवढे बदला. थंडावा कुठून येत नाही. 'क्रायोकूलर संवेदकातली उष्णता उपसतो' असे लिहिले, की ती उष्णता पुढे कुठे टाकायची हा प्रश्न वाचक स्वतःच विचारील.