गर्भाशयमुखाचा कर्करोग ‘संसर्गजन्य’ म्हणावा का?

प्रश्न:
महिलांच्या आरोग्य शिबिरासाठी पत्रक लिहिते आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूच्या संसर्गातून होतो. मग त्याला ‘संसर्गजन्य कर्करोग’ म्हणावं का? संसर्गातून जन्मलेला तो संसर्गजन्य, म्हणजे व्युत्पत्ती बरोबर आहे. तरी वाचताना खटकतं.

प्रतिसाद १:
खटकायलाच हवं. ‘कीटकजन्य’, ‘जलजन्य’ यांत ‘जन्य’चा अर्थ शाबूत आहे. ‘संसर्गजन्य’ मात्र शाळेच्या पुस्तकापासून बातम्यांपर्यंत ‘एकाचा दुसऱ्याला होणारा’ याच अर्थी रुळला: गोवर, कांजिण्या, क्षय. पत्रक वाचून सासू पहिल्यांदा विचारेल, सुनेचं ताट वेगळं ठेवायचं का? कर्करोग एकीचा दुसरीला होत नाही. लागण होते ती विषाणूची, आणि तीही मुख्यतः लैंगिक संबंधातून.

प्रतिसाद २:
‘विषाणुजन्य’ चालेल, पण त्यानेही अर्धंच काम होतं. लागण आणि कर्करोग या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्यामध्ये फार मोठा काळ असतो. एचपीव्हीची लागण सर्रास होते. बहुतेक जणींची प्रतिकारशक्ती वर्ष-दोन वर्षांत विषाणूला हुसकावून लावते. काहींच्या शरीरात एचपीव्हीचा १६ किंवा १८ क्रमांकाचा प्रकार ठाण मांडतो. पेशींच्या वाढीला आवर घालणारी आपली प्रथिनं तो निकामी करतो. तरीही कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं जातात; एचआयव्हीवर उपचार न झालेल्या स्त्रियांत ५ ते १०. हे दोन्ही प्रकार जर्मन विषाणुशास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने १९८३-८४मध्ये या कर्करोगात शोधले आणि त्यांना २००८चं नोबेल मिळालं.

तपासणी करायची ती याच मधल्या काळात. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००९मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ‘संसर्गजन्य कर्करोग’ या जोडशब्दात हा सगळा काळ दिसेनासा होतो, म्हणून माझा त्याला ठाम विरोध आहे.

प्रतिसाद ३:
लागण या अर्थी हिंदीतलं ‘संक्रमण’ही नको. आपल्याकडे संक्रमण म्हणजे एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाणं. ‘लागण’ सगळ्यांना कळतं. ‘पसरला’ हा शब्द मात्र जपून वापरा. डॉक्टर म्हणतात तेव्हा त्याच रुग्णाच्या शरीरात इतरत्र गेला असा अर्थ असतो. घरातले ऐकतात तेव्हा आपल्यालाही होईल असा. आणि गावात ‘गर्भाशयमुख’ कोण म्हणतं? ‘गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ लिहा.

प्रश्नकर्ती:
आभार. असं लिहू का? ‘गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एकीचा दुसरीला होत नाही. ज्या विषाणूमुळे तो होतो, त्याची लागण लैंगिक संबंधातून होते. बहुतेक वेळा शरीर हा विषाणू स्वतःच घालवतं. तो राहिला, तरी कॅन्सर व्हायला बरीच वर्षं लागतात. तेवढ्या काळात तो तपासणीत सापडतो.’

प्रतिसाद २:
शेवटचं वाक्य बदला, ताई. ‘तो’ म्हणजे कॅन्सर की विषाणू, हे कळत नाही. ‘कॅन्सर होण्याआधीचे बदल तपासणीत सापडू शकतात आणि त्यांवर उपचार करता येतात’ असं करा. त्याखाली एचपीव्हीच्या लशीची ओळही हवी: ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी, म्हणजे लागण होण्याआधी.