लाल पेशीत केंद्रक नाही, मंग ग्लोबिनचा एमआरएनए टिकते कसा?

पऱ्हाटीतला_पोरगा: बीएस्सी सेकंड इयरले हाय, वर्धेकडचा. क्लासमध्ये सांगतलं का एमआरएनए (प्रोटीन बनवासाठी जीनची निघालेली कॉपी) थोडाच वेळ टिकते, काम झालं का तुटते. मंग रेटिक्युलोसाइटमध्ये, म्हणजे नवीन कच्च्या लाल पेशीत, केंद्रकच नसते, नवीन कॉपी निघत नाही, तरी तो हिमोग्लोबिन बनवतच राह्यते, हे कसं काय? बहिणीले सिकलसेल हाय, म्हणून डोक्यातून जातच नाही.

झुऑलॉजीवाली_मॅडम: बरोबर जागी अडकलास बाळा. सगळ्यांचं आयुष्य सारखं नसते, सी-फॉस नावाच्या जीनचा एमआरएनए अर्ध्या तासाच्या आत निम्मा होते अन् ग्लोबिनचा, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या प्रोटीनचा, दिवसभर टिकून राह्यते. समोर कॅप, मागं पॉली-ए शेपूट, नवीन असतानी दोनेकशे ए अक्षरांची. बैलाच्या दाव्याले टोकाशी गाठ असते ना, ती सुटली का पीळ उसवत जाते, तसंच हे. पहिले सीसीआर४-नॉट हा एन्झाइमांचा गट शेपूट कुरतडते, लय आखूड झाली का डीसीपी२ एन्झाइम कॅप काढते, मंग एक्सआरएन१ एन्झाइम समोरून खात सुटते, मागून एक्झोसोम. कुरतडणं किती जोरात हे बरंचसं स्टॉप कोडॉनच्या (प्रोटीन बनणं थांबवायच्या खुणेच्या) पुढच्या भागावर, म्हणजे थ्री प्राइम यूटीआरवर. सी-फॉसमध्ये तिथं ए-यूचे पट्टे हायेत, त्यावर टीटीपी प्रोटीन बसलं का लवकर तुटते, एचयूआर प्रोटीन बसलं तं वाचते. अल्फा ग्लोबिनमध्ये तिथं सीचे पट्टे, त्यावर राखणदार प्रोटीन बसून असते. अल्फा ग्लोबिनच्या कॉन्स्टंट स्प्रिंग नावाच्या म्युटेशनमध्ये स्टॉप कोडॉनच बिघडते, प्रोटीन बनवणारा रायबोसोम थांबतच नाही, पुढं घुसून राखणदाराले उठवते, एमआरएनए तुटते अन् अल्फा थॅलेसेमिया (अल्फा ग्लोबिन कमी पडायचा रक्ताचा आजार) होते. सिकलसेलमध्ये असं नाही हं, तिथं बीटा ग्लोबिनचा एमआरएनए टिकतेच, चूक एका अक्षराची.

स्लाइडवाली_ताई: मी लॅबमध्ये आहे. न्यू मिथिलिन ब्लू या रंगानं रंगवलं का रेटिक्युलोसाइटमध्ये निळी जाळी दिसते, ते उरलेलं आरएनएच, जास्त करून रायबोसोमचं. रक्तात आल्यावर एक-दोन दिवसांत जाते. सिकलसेलवाल्यांच्या स्लाइडवर अशा पेशी लय असतात, कारण लाल पेशी १२० दिवसांच्या जागी १०-२० दिवसांतच फुटतात, हाडातली मज्जा नवीन पाठवत राह्यते. बहिणीच्या रिपोर्टवर रेटिक काउंट पाय.

पऱ्हाटीतला_पोरगा: पायला ताई, वाढलेलाच हाय. मॅडम, गरज पाहून पेशी एमआरएनए टिकवते का मंग?

झुऑलॉजीवाली_मॅडम: हो ना. ट्रान्सफेरिन रिसेप्टर घे, लोह आत घेणारा. लोह कमी पडलं का आयआरपी प्रोटीन त्याच्या एमआरएनएच्या थ्री प्राइम यूटीआरवर बसते, तुटू देत नाही, रिसेप्टर जास्त बनतात. लोह भरपूर झालं का आयआरपी सुटते, एमआरएनए कापल्या जाते.