मदत हवी आहे: बॉयलरच्या राखेने मिथिलिन ब्लू निघतो, पण रंगणीतला ब्लॅक बी हा काळा रंग का निघत नाही?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात आमची टॉवेलच्या सुताची छोटी रंगणी आहे. काम बहुतेक सगळं रिॲक्टिव्ह रंगांचं, म्हणजे सुताशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगांचं. मीठ आणि सोडा ॲश घालून कितीही नीट रंगवलं तरी गडद शेडला बराच रंग सुतावर न बसता पाण्यात उरतो. हा उरलेला रंग पाण्याशीच संयोग पावलेला असतो, त्यामुळे पुन्हा सुताला लागत नाही आणि जिवाणूंच्या टाकीतही फारसा मोडत नाही. केंद्राच्या २०१६च्या अधिसूचनेत कापड उद्योगाच्या सांडपाण्याला रंगाची मर्यादा १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक (पाण्याचा रंग मोजायचं माप) आहे. काळ्या-नेव्हीच्या दिवशी आमचं पाणी त्या मर्यादेत बसतच नाही. आमच्या नाल्याचं पाणी पुढे लोकांच्या विहिरींकडे जातं, त्यामुळे हा विषय मला फक्त तपासणीपुरता ठेवायचा नाही.

ॲक्टिव्हेटेड कार्बनने रंग निघतो, पण रोजच्या पाण्याला तो परवडत नाही. जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर. चिपाड जाळून उरलेली बॉयलरची राख ट्रॅक्टर लावला की मिळते. तिच्यात अर्धवट जळालेले काळे कण असतात, रंग धरतात ते मुख्यतः तेच. राख चाळून, धुऊन, वाळवून घेतली. पुतण्याने कॉलेजातून मिथिलिन ब्लू हा प्रयोगशाळेतला निळा रंग आणला होता. त्याचं पाणी राखेबरोबर ढवळलं तर तासाभरात निवळलं. त्याच राखेत आमच्या रंगपात्रातलं ब्लॅक बीचं पाणी ओतलं, तर रात्रभर ठेवूनही शाईसारखंच राहिलं. टर्क्वॉइज या हिरवट निळ्या रिॲक्टिव्ह रंगाचंही तेच.

मग सल्फ्युरिक ॲसिड थेंबथेंब घातलं. सोड्यामुळे आधी फेस बादलीबाहेर येतो, तो बसेपर्यंत थांबावं लागतं. पीएच ३च्या खाली गेला तेव्हा राखेने काळा रंग बऱ्यापैकी ओढला. पण एवढं ॲसिड, नंतर परत चुना, आणि क्षार वाढणार ते वेगळंच. पाण्यात मीठ आधीच भरपूर आहे.

ॲसिड न घालता काही मार्ग आहे का? राखेऐवजी कच्चं चिपाड, भाताचा तूस किंवा शेंगांची टरफलं चालतील का? आणि रंग प्यालेली राख शेवटी टाकायची कुठे? वीटभट्टीवाला घ्यायला तयार आहे, पण मन धजावत नाही.

प्रतिसाद १

मी इचलकरंजीत सांडपाणी प्रक्रियेचं काम करतो. तुमची राख बरोबर वागते आहे. मिथिलिन ब्लू धनभारित रंग आहे. चिपाड, तूस, टरफलं यांचा पृष्ठभाग साध्या पाण्यात ऋणभारित, म्हणून तो लगेच चिकटतो. त्यामुळेच शोधनिबंधांत हाच रंग सारखा दिसतो आणि आकडे देखणे येतात. रिॲक्टिव्ह रंगांना सल्फोनेट गट असतात, म्हणजे तेही ऋणभारित. सोड्याच्या पाण्यात दोघं एकमेकांना ढकलतात. ॲसिड घातलं की पृष्ठभागावर धनभार येतो, म्हणून तुम्हाला फरक दिसला.

कच्च्या चिपाडाच्या मागे लागू नका. त्यातून साखर आणि तपकिरी द्रव्यं सुटतात, रंग कमी व्हायच्या ऐवजी सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) वाढतो. टरफलांचीही तीच अडचण.

माझं मत विचाराल तर राख पहिल्या पायरीला नकोच. आधी फेरस सल्फेट आणि चुना देऊन गाळ बसवा, मग वरच्या पाण्यातला राहिलेला रंग राखेला द्या. गाळ वाढतो, पण पूर्ण पाणी पीएच ३ला नेण्यापेक्षा हे झेपतं. आणि रंगपात्रातलं पहिलं पाणी नंतरच्या धुण्याच्या पाण्यात मिसळू देऊ नका. रंग आणि मीठ त्या पहिल्या पाण्यातच जास्त असतं. वेगळी छोटी टाकी करा, बाकी सगळं सोपं होईल.

प्रतिसाद २

विटांबद्दल तुमची शंका रास्त आहे. भट्टीत रंगाचा सेंद्रिय भाग जळतो, धातू जळत नाही. टर्क्वॉइज म्हणजे तांब्याचं थॅलोसायनिन. त्यातलं तांबं राखेबरोबर विटेत जाणार. शिवाय राखेत मुरलेलं मीठ पावसाळ्यात भिंतीवर पांढरं फुटतं. घर ज्याचं, त्याला ते वर्षानुवर्षं खरवडत बसावं लागतं. रासायनिक प्रक्रियेतला गाळ घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत येतो. तेव्हा राख कुणालाही देण्याआधी तिच्यातून पाण्यात काय सुटतं याची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चाचणी करून घ्या. शेतात तर अजिबात टाकू नका, शेतकरी मागायला आला तरी.

प्रतिसाद ३

दोन गोष्टी. डोळ्यांवर विसंबू नका, पुतण्याच्या कॉलेजात स्पेक्ट्रोफोटोमीटर (पाणी किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) असेलच. ब्लॅक बी ५९७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास मोजा, आधी आणि नंतर, पीएच सारखा करून. नमुना गाळून घ्या, नाहीतर राखेचे बारीक कणच रंग म्हणून मोजले जातील. तुलनेसाठी नुसत्या पाण्यात राख ढवळून तोही नमुना लावा.

दुसरी, राखेपेक्षा तुमच्याच कारखान्यातला सुताचा कचरा बघा. सुती कापडाला धनभार देणारं कॅटायनायझिंग रसायन रंगरसायनांच्या व्यापाऱ्याकडे मिळतं. ते सोड्याबरोबर लावलेलं सूत रिॲक्टिव्ह रंग मिठाशिवायही पकडतं. मग टाकाऊ सूत तसं करून पाइपात भरलं आणि त्यातून रंगाचं पाणी सोडलं तर? हातमोजे आणि खेळती हवा मात्र हवीच, ते रसायन अंगावर घेण्यासारखं नाही.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. पहिलं पाणी वेगळं काढायची टाकी या आठवड्यात बसवतो, जुनं सिंटेक्स पडून आहे. वीटभट्टीवाल्याला नाही म्हणून कळवलं. राख सध्या ताडपत्रीखाली पोत्यांत ठेवली आहे.

सुताच्या कचऱ्याचं डोक्यात बसलं आहे, गुंता आणि तुटकं सूत आमच्याकडे रोज निघतं. पण रंगपात्रातलं पाणी मिठाचं आहे. इतक्या मिठात धनभारित सूत रंग तेवढाच धरील की मीठ त्याची जागा अडवील? आणि भरलेलं सूत पाइपात दाबून बसलं की पाणी जाणं बंद होतं का? कुणी प्रत्यक्ष पाइप भरून चालवला असेल तर पाइपाचा व्यास, सूत किती सैल भरलं आणि किती वेळाने पाणी रंगीत यायला लागलं, एवढं जरूर लिहा.