फोटो कुणी टाकला?

धाकटी काकू: कालचा फोटो कुणी टाकला ते आधी सांगा. मला न विचारता. कपाळावर नुसत्या आठ्या, गालावर डाग, काढून टाका तो

छोटू: काकू मी टाकला, सगळे एकत्र होते म्हणून. सॉरी

थोरली काकू: एवढं काय त्यात. वय झालं की चेहरा बदलणारच, मी नाही तक्रार करत

धाकटी काकू: तुम्ही कशाला कराल वहिनी. उन्हात हेलपाटे कुणी घातले सगळ्यांना माहितीय. जाऊदे

अण्णा: वय वेगळं, ऊन वेगळं. खिडकीची काच सगळं ऊन अडवत नाही. 2012 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 69 वर्षांच्या ट्रक ड्रायव्हरचा फोटो आला होता. 28 वर्षं गाडी चालवली, खिडकीकडच्या गालावर जाड सुरकुत्या, दुसरा गाल कितीतरी बरा.

छोटू: अण्णा हे गेल्या महिन्यातही टाकलं होतंत

अण्णा: वाचलं का कुणी?

ताई: अण्णांचं खरंय. उन्हातले यूव्हीए किरण काचेतून येतात आणि कातडीच्या आतल्या थरापर्यंत जातात, तिथे कोलाजेन तोडणारी एन्झाइम्स वाढतात. हे कोलाजेन म्हणजे कातडीला आतून धरून ठेवणारे धागे. तरुणपण सरलं की ते तसंही दरवर्षी साधारण 1 टक्का कमी होतं आणि बायकांचं पाळी गेल्यावर पहिल्या 5 वर्षांत 30 टक्क्यांपर्यंत जातं. काकू, तुमचा चेहरा एकदम बदलल्यासारखा वाटतो ना, ते यामुळेही असेल, तुमचं काही चुकलेलं नाही

धाकटी काकू: हे मला कधी कुणी सांगितलंच नाही गं. मी तर चार महिने कोलाजेनचं क्रीम लावतेय

ताई: कोलाजेनचा रेणू खूप मोठा असतो, वरून लावलेला आत शिरत नाही. कातडी मऊ राहते तेवढंच

थोरली काकू: मी तेव्हाच म्हटलं होतं

धाकटी काकू: वहिनी प्लीज

छोटू: त्या ड्रायव्हरकाकांना सीट बदलून दिली असती तर दोन्ही गाल सारखे झाले असते 😀

अण्णा: चेष्टा नको. खिडकीची काच सगळं ऊन अडवत नाही.

दादा: ऑस्ट्रेलियात 900 वर लोकांवर साडेचार वर्षं बघितलंय. अर्ध्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना मनाला येईल तेव्हा. रोजवाल्यांमध्ये कातडीचं म्हातारपण 24 टक्के कमी आढळलं. 2013 साली आलं हे. सगळे 55 च्या आतले होते

माई: आता माझ्या वयात लावून काय होणार रे

ताई: आजी, नवीन नुकसान तरी टळेल ना. जुन्या सुरकुत्यांसाठी ट्रेटिनॉइन नावाचं औषध असतं, रात्री लावायचं, त्याने नवीन कोलाजेन तयार होतं पण महिनोन्महिने लागतात, सुरुवातीला सालं निघतात, आग होते. दिवस गेलेल्या बाईने अजिबात लावायचं नाही. डॉक्टरांना विचारूनच

धाकटी काकू: माझ्याकडे अजून एक ट्यूब आहे. ओळखीतल्या एकीने दिली, नाव नीट छापलेलं नाही. आठवड्यात चेहरा उजळला होता, आता एक दिवस नाही लावली तर लाल होतो आणि भाजल्यासारखं होतं. म्हणून तर फोटो नको होता मला

ताई: काकू!! हे आधी का नाही सांगितलं. त्यात स्टेरॉइड असू शकतं, त्याने आधी उजळ दिसतं आणि मग कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, सोडलं की उलट उफाळतं. मनाने एकदम बंद पण करू नका, स्किनच्या डॉक्टरांकडे जाऊ, ट्यूब सोबत घ्या. मी येते तुमच्याबरोबर

थोरली काकू: मीही येते. उद्या सकाळी

धाकटी काकू: या वहिनी

अण्णा: जाताना गाडीत खिडकीकडे बसू नकोस. खिडकीची काच

छोटू: फोटो काढून टाकला काकू