गरोदरपणात पॅप स्मिअर: बायका नको का म्हणतात?

अबोली:
वहिनीला तिसऱ्या महिन्यातल्या चेकअपला डॉक्टर म्हणाल्या, तिशी उलटली, आधी कधी केली नाहीये तर पॅप स्मिअर (गर्भपिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन कॅन्सरच्या आधीचे बदल शोधायची टेस्ट) करून टाकू. ही नको म्हणून परत आली, का तर आत काही लावलं आणि बाळाला काही झालं तर?! रक्ताच्या बाटल्या भरभरून देतात, सोनोग्राफीला हौसेने जातात, पण ही टेस्ट म्हटली की पाय मागे. अहो, ब्रश फक्त पिशवीच्या तोंडावरून फिरवतात, बाळापर्यंत जात नाही. माझं मत, करूनच घ्यावी. एरवी धडधाकट बाई गायनॅककडे फिरकते कधी?

रातराणी:
सॉरी, पण नाही पटलं. घाई कशाला? तो कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, त्याचं इन्फेक्शन वर्षानुवर्षं टिकलं तर होऊ शकतो, त्यालाही साधारण 15-20 वर्षं लागतात, मग नऊ-दहा महिन्यांनी काय बिघडतं? ब्रिटनमध्ये गरोदर बाईची रुटीन टेस्ट सहसा पुढेच ढकलतात, बाळंतपणानंतर 12 आठवड्यांनी करतात, कारण या काळात रिपोर्ट वाचणं अवघड जातं.

अबोली:
तिथे टेस्टचं बोलावणं येतं गं. जिथे कुणी बोलवतच नाही तिथे बाळंतीण स्वतःसाठी परत येईल? बाळाच्या लशीची तारीख पाठ असते, स्वतःचं मात्र राहतंच.

कडूगोड:
मी केली होती. दुसऱ्या दिवशी थोडं स्पॉटिंग झालं आणि माझी जी पाचावर धारण बसली ती विचारू नका, नवरा बॅग भरायला लागला. फोन केला तर सिस्टर अगदी सहज म्हणाल्या, या दिवसांत तिथे रक्तपुरवठा वाढलेला असतो, होतं असं. मग हे टेबलावर झोपवायच्या आधी सांगायला काय झालं होतं? रिपोर्ट नॉर्मल आला, पण मी मैत्रिणींना काय सांगितलं असेल? स्पॉटिंगचंच. अशीच भीती पसरते.

सडेतोड:
खरी अडचण कुणी बोलत नाहीये. एचपीव्ही संबंधांतून पसरतो, पॅपसोबत त्याचीही टेस्ट केली आणि पॉझिटिव्ह आली तर सासरी काय सांगायचं? वास्तविक बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी हे इन्फेक्शन होतं, बऱ्याचदा आपोआप जातं, काही वेळा वर्षानुवर्षं पत्ताही लागत नाही, त्यामुळे कधी आलं, कुणाकडून आलं हे रिपोर्टवरून कळतच नाही. पण संशयी घरात हे कोण ऐकून घेणार? सातव्या महिन्यात बाईने तो तमाशा का ओढवून घ्यायचा?

अबोली:
मग सासूला रिपोर्ट दाखवायचाच कशाला, तो बाईचा आहे ना?

रातराणी:
बोलायला सोपं आहे गं, अर्ध्या जणींची फाईल सासूच्याच पिशवीत असते. शिवाय पेशींत बदल दिसले तरी कॅन्सरची शंका नसेल तर दुर्बिणीतून बघतात, लक्ष ठेवतात आणि उपचार बाळंतपणानंतरच. म्हणजे तोवर नुसता जीवाला घोर. हां, अंगावरून रक्त जात असेल तर गोष्ट वेगळी, ते गरोदरपणामुळेच असेल असं घरच्या घरी ठरवू नये, लगेच दाखवावं. रुटीनचं म्हणाल तर माझं मत तेच, नंतर करा. आणि बाळंतिणीला परत बोलवायचं काम डॉक्टरांचं, ते नीट करा की!